इटली तर जिंकलेल्यांच्या बाजूला होती, मग फॅसिझम आधी तिथेच का?

पंचवटीची_पोर

नमस्कार मंडळी. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, पंचवटीतल्या एका अभ्यासिकेत बसते. आधुनिक जगाचा इतिहास हा माझा आवडता विषय आहे, पण त्यातला एक प्रश्न काही केल्या सुटत नाहीये.

सगळ्या गाइडांमध्ये आणि क्लासच्या नोट्समध्ये एकच साखळी असते. व्हर्सायचा अपमानकारक तह, मग १९२९ ची मंदी, मग हिटलर, मग दुसरं महायुद्ध. पेपरात लिहून मार्क मिळतील एवढं मला पाठ आहे. पण पटत नाही. इटली पहिल्या महायुद्धात जिंकलेल्यांच्या बाजूला होती, तह ठरवणाऱ्यांत तिचा पंतप्रधान बसलेला होता. तरी मुसोलिनी १९२२ मध्येच सत्तेवर, म्हणजे मंदीच्या सात वर्षं आधी! आणि मंदीने अमेरिकेचंही कंबरडं मोडलं होतं. तिथे रूझवेल्ट निवडून आला आणि निवडणुका ठरल्या वेळी होत राहिल्या. ब्रिटनमध्ये फॅसिस्ट पुढारी मोस्लेचे काळे शर्टवाले रस्त्यावर फिरले, पण त्याच्या पक्षाला संसदेत एकही जागा मिळाली नाही.

मग तह आणि मंदी ही कारणं आहेत, की नुसती पार्श्वभूमी? काल चहाच्या टपरीवर आमचा यावरून वाद झाला. एक मित्र म्हणाला, जर्मन लोकच मुळात हुकूम मानणारे. हे तर मला अजिबात पटलं नाही. कुणी नीट समजावून सांगेल का? मोठं उत्तर चालेल.

जुन्या_नाशकातली_बाई

अगं पोरी, फार चांगलं विचारलंस. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि हीच साखळी फळ्यावर लिहीत आले, कारण अभ्यासक्रमात तीच होती. तास संपता संपता मात्र वर्गाला सांगायचे, साखळीतली एक कडी पुस्तकवाल्यांनी गाळली आहे. ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या ती माणसं कुठे आहेत यात?

इटलीपासूनच सुरू करू. युद्धात तिची सहा लाखांच्या आसपास माणसं मेली. हाती पडलं त्यापेक्षा जास्त मिळायला हवं होतं, अशी बोंब देशभर होती. हे पुस्तकात असतं. नसतं ते पो नदीच्या खोऱ्यातलं. बोलोन्या, फेरारा या भागात मैलोन्मैल सपाट काळी जमीन, मालक थोडे आणि भूमिहीन शेतमजूर अफाट. १९१९ आणि २० मध्ये या मजुरांच्या संघटनांनी एवढी ताकद मिळवली की कामावर कुणाला घ्यायचं, एका शेतावर किमान किती माणसं लावायची, हे संघटनेचं कार्यालय ठरवू लागलं. गावच्या नगरपालिकाही समाजवाद्यांनी जिंकल्या. सप्टेंबर १९२० मध्ये मिलान आणि तुरीनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. क्रांती काही झाली नाही, कारखाने महिनाभरात परत गेले, पण मालकवर्गाच्या मनात भीती बसली ती बसलीच.

आणि मग लॉऱ्या यायला लागल्या. रात्री काळ्या शर्टातली तरुण पोरं लॉरीतून गावात उतरायची, मजूर संघटनेचं कार्यालय जाळायची, पुढाऱ्याला घरातून ओढून दांडक्यांनी मारायची, एरंडेल पाजून त्याची गावासमोर विटंबना करायची. फेराऱ्यात इतालो बाल्बो नावाचा पंचविशीतला तरुण या टोळ्यांचा म्होरक्या होता. पैसा जमीनदारांचा. पोलीस बाजूला उभे राहून बघायचे, कधी कधी वाहनंही पुरवायचे. आपल्या माणसाला मारलं म्हणून मजुरांनी हात उचलला तर अटक मजुरांना. १९२१ च्या पहिल्या काही महिन्यांत वर्षानुवर्षं उभ्या केलेल्या संघटना अशा राख झाल्या. व्हर्सायच्या तहाचा यात संबंध किती? थोडा. मंदीचा तर नाहीच.

आता किल्ल्यांकडे ये. म्हातारा आणि धूर्त जोलित्ती तेव्हा पंतप्रधान होता. त्याला वाटलं, या पोरांना संसदेत बसवलं की आपोआप सभ्य होतील. मे १९२१ च्या निवडणुकीत त्याने फॅसिस्टांना सरकारी आघाडीच्या यादीत घेतलं आणि ५३५ जागांच्या सभागृहात त्यांचे ३५ जण निवडून आले. पस्तीसच. ऑक्टोबर १९२२ मध्ये रोमवर मोर्चा निघाला. पावसात भिजलेले, बरेचसे धड शस्त्रंही नसलेले लोक, आणि राजधानीत शिस्तबद्ध सैन्य तयार. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा आदेश लिहून तयार ठेवला. २८ ऑक्टोबरच्या सकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएलने त्यावर सही करायला नकार दिला. मुसोलिनी मोर्चात नव्हताच, तो मिलानमध्ये बसून होता. बोलावणं आलं तेव्हा तो रात्रीच्या रेल्वेने, झोपायच्या डब्यातून रोमला आला. आपण ‘मोर्चा काढून सत्ता घेतली’ असं शिकवतो. त्याला राजाने बोलावून सत्ता दिली, हे मुलांना सांगायलाच हवं.

त्यानंतर विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा ३०६ विरुद्ध ११६. सभागृहात त्याचे स्वतःचे पस्तीस होते हे लक्षात ठेव आणि मग हा आकडा परत वाच. उरलेली मतं उदारमतवाद्यांची आणि कॅथलिक पक्षाची होती, माजी पंतप्रधानांची होती.

हिटलरचं संध्याकाळी लिहिते. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली.

निफाडकर

बाईंना नमस्कार. मी शेतकरी आहे, द्राक्ष आणि कांदा. इतिहासाची पदवी घेतली होती, ती अशी उपयोगाला येते.

बाईंनी पोच्या खोऱ्यातले मजूर सांगितले, मी जर्मनीतल्या छोट्या शेतकऱ्यांचं सांगतो. आपल्याकडे समज असा की हिटलरला मतं दिली ती बर्लिनच्या बेकारांनी. बेकार कामगारांची मतं जास्त करून कम्युनिस्टांकडे गेली. हिटलरची मोठी मतपेढी उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट खेड्यांत होती. डेन्मार्कच्या सीमेला लागून श्लेसविग-होल्श्टाइन नावाचा प्रांत आहे. गुरं, डुकरं, लोणी, स्वतःच्या मालकीची मध्यम शेती. तिथे १९२८ साली नाझींना चार टक्के मतं होती. जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के झाली. साऱ्या देशात एवढी मतं त्यांना दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात पडली नाहीत.

मध्ये काय घडलं? भाव पडले, आणि ते १९२९ च्या शेअरबाजाराआधी पडले. १९२७ पासूनच डुकराला आणि धान्याला भाव मिळेना. वरून कर्जाचं व्याज आणि कर. घरांवर जप्तीच्या नोटिसा. १९२८ च्या जानेवारीत लाखभराहून जास्त शेतकरी त्या प्रांतात रस्त्यावर आले, काळे झेंडे घेतले, जप्तीचे लिलाव उधळले. सरकारी कचेऱ्यांवर बॉम्बसुद्धा टाकले काहींनी. शहरातले पक्ष, उजवे असोत की समाजवादी, त्यांच्याकडे ढुंकून बघेनात. नाझींचे कार्यकर्ते मात्र गावोगाव गेले, भाषणाची शाळा काढून वक्ते तयार केले, शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या बोलीत बोलले. ‘तुमच्या जमिनीला हात लागू देणार नाही,’ एवढं एक वाक्य पुरलं.

लासलगावच्या बाजारात कांदा मातीमोल गेल्यावर ट्रॅक्टरशेजारी उभ्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय. त्या वेळी जो कुणी येऊन त्याचं ऐकून घेतो, तो त्याचा होतो. म्हणून मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. राग येतो तो त्यांचं ऐकायला वेळ नसलेल्यांचा.

आणि त्यांना मिळालं काय? १९३३ च्या सप्टेंबरात कायदा आला, वारसाहक्काच्या शेतीचा. जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, वारस एकच. भाव आणि विक्री ठरवायला सरकारी संघ. जमीन वाचली, पण तिच्यावरचा त्यांचा हुकूम गेला.

नाशिकरोड_प्रेस

मी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो, त्यामुळे एवढ्यापुरतंच बोलतो. लोक जर्मनीच्या नोटांचे ढीग आणि हिटलर यांची गाठ बांधतात. मध्ये दहा वर्षं आहेत हो!

महागाईचा कळस १९२३ सालचा. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. सरकारी छापखाना पुरेना म्हणून शंभरावर खासगी छापखान्यांना काम वाटलं, शेवटी तर नोटेची एकच बाजू छापत होते, दुसरी कोरी. मोठ्यात मोठी नोट एकावर चौदा शून्यांची. छापखान्यातल्या माणसाला हे वाचून गलबलून येतं, कारण नोटेवरचा विश्वास हे आमचं आयुष्याचं काम. मध्यमवर्गाची साठवण त्यात गेली आणि तो घाव खोल होता हे खरं. पण नोव्हेंबरातच नवं चलन आणलं, बारा शून्यं कापली आणि महागाई थांबली. १९२८ मध्ये नाझींना किती मतं? २.६ टक्के.

हिटलर वाढला तो उलट्या काळात. पैसा आटला होता, वस्तू स्वस्त होत्या आणि विकत घ्यायला कुणाच्या खिशात काही नव्हतं. ब्रुनिंग चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख होता, १९३० ते ३२. त्याने पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. १९२३ ची भीती मनात होती म्हणून नोटा छापायला सगळेच घाबरत होते. १९३२ च्या सुरुवातीला बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. आणखी एक बघा. ब्रुनिंगचे हे निर्णय संसदेने केलेले नव्हते, घटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षाच्या वटहुकमांनी आले. म्हणजे संसद बाजूला ठेवून कारभार करायची सवय हिटलरच्या आधीच लागली होती.

जुन्या_नाशकातली_बाई

प्रेसवाल्या काकांनी माझं अर्धं काम केलं. कलम ४८ चा मुद्दा कुठल्याच गाइडात धड नसतो.

तर जर्मनी. जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७.३ टक्के. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत ३३.१. सुमारे वीस लाख मतं कमी झाली. पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते कंटाळलेले. म्हणजे पोरी, सत्ता मिळाली तेव्हा हिटलर चढत नव्हता, उतरत होता! हे वाक्य वहीत लिहून ठेव. नोव्हेंबरात समाजवादी आणि कम्युनिस्ट मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. पण ते दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मॉस्कोहून आलेल्या धोरणानुसार कम्युनिस्टांच्या लेखी समाजवादी हेच ‘सामाजिक फॅसिस्ट’ होते. याची किंमत दोघांनी एकाच छावणीत मोजली.

मग फ्रान्झ फॉन पापेन. सरदार घराण्यातला, घोडदळातला, महत्त्वाकांक्षी माणूस. त्याने म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गला पटवलं की हिटलरला चॅन्सेलर करा, मी उपचॅन्सेलर होतो, मंत्रिमंडळात आपली माणसं जास्त ठेवू. ३० जानेवारी १९३३ च्या त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच होते. पापेनने मित्रांना सांगितलं की दोन महिन्यांत याला कोपऱ्यात असं दाबू की तो चिरकेल. दोन महिन्यांत काय झालं ते सांगते. २७ फेब्रुवारीला राइशस्टागची, म्हणजे संसदेची, इमारत पेटली. २८ ला वटहुकूम निघाला, बोलण्याचं, सभेचं, वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य रद्द आणि कुणालाही बेमुदत कोंडायची मुभा. पुन्हा तेच कलम ४८. २२ मार्चला डाखाऊची छळछावणी उघडली. २३ मार्चला सगळे कायदे करायचा अधिकार संसदेने सरकारला देऊन टाकला, ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट खासदार अटकेत किंवा भूमिगत. सभागृहात तपकिरी गणवेशातले गुंड उभे. विरोधात बोलायला एकटा ओटो वेल्स उठला, समाजवाद्यांचा नेता. ते ९४ त्याच्या पक्षाचे. कॅथलिक सेंटर पक्षाने होकार दिला, चर्चला अभय मिळेल या आशेवर.

आता तुझ्या मित्राचं ‘जर्मन लोकच तसे’. ५ मार्च १९३३ ला, दहशतीच्या सावलीत, विरोधकांची वर्तमानपत्रं बंद असताना मतदान झालं. तरीही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. निम्म्याहून जास्त जर्मनांनी त्या दिवशीही त्यांना मत दिलं नव्हतं. सांग त्याला.

कॉलेजरोडकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आपल्या नाशिकचाही मुसोलिनीशी धागा आहे असं ऐकलंय, भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक डॉ. मुंजे त्याला भेटले होते म्हणतात. खरं की उगाच?

जुन्या_नाशकातली_बाई

खरं आहे. गोलमेज परिषदेनंतर परतताना डॉ. बा. शि. मुंजे इटलीला गेले आणि १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले. मुलांना लहानपणापासून लष्करी शिस्तीत घडवणारी बालिल्ला ही संघटना त्यांनी पाहिली आणि तिच्याबद्दल स्वतःच्या दैनंदिनीत कौतुकाने लिहिलं. नाशिकची शाळा १९३७ ची. हिंदू तरुणांना सैनिकी शिक्षण मिळावं हा त्यांचा ध्यास इटलीभेटीच्या आधीपासूनचा होता, पण त्या भेटीचा ठसाही त्यांच्याच लिखाणात आहे. दोन्ही सांगावं, एक लपवू नये.

एवढंच सांगून थांबले तर मात्र अन्याय होईल. १९२६ मध्ये रवींद्रनाथ मुसोलिनीचे पाहुणे होते, आधी भारावले, मग फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडून आणि निर्वासितांकडून खरी हकीकत ऐकल्यावर त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रात जाहीर निषेध केला. गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये त्याला भेटले. सुभाषबाबूही भेटले. १९२७ मध्ये चर्चिलने रोममध्ये जाऊन त्याची तोंडभर स्तुती केली. त्या काळी हे पाहुणे इटलीत जायचे तेव्हा मात्तेओत्ती मरून काही वर्षं झालेली होती. जाकोमो मात्तेओत्ती, समाजवादी खासदार. ३० मे १९२४ ला त्याने भर संसदेत निवडणुकीतली दहशत एकेक करून मांडली आणि १० जूनला त्याला रस्त्यातून उचलून ठार केलं. प्रेत ऑगस्टमध्ये सापडलं. सारा देश हादरला, विरोधक संसद सोडून बाहेर पडले, आता राजा मुसोलिनीला काढेल म्हणून वाट बघत बसले. राजाने काढलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनी सभागृहात उभा राहिला आणि जे घडलं त्याची जबाबदारी माझी, असं म्हणाला. तिथून पुढे उघड हुकूमशाही. १९२६ ला बाकीचे पक्ष बंद.

नेहरू मात्र मार्च १९३६ मध्ये, कमलाबाई गेल्यानंतर परत येताना रोमला थांबले, तेव्हा भेटीचा आग्रह झाला आणि त्यांनी ठाम नकार दिला. तेव्हा इटलीचं सैन्य आफ्रिकेत अॅबिसिनियाच्या लोकांवर विषारी वायू टाकत होतं. मला त्या नकाराचं मोल फार वाटतं.

आणि बाबासाहेब. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. युरोप बेचिराख होऊन जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. वर्गात हे वाचून दाखवताना माझा आवाज दरवेळी कापायचा.

पंचवटीची_पोर

बाई, निफाडकर दादा, काका, किती आभार मानू! सगळं वहीत उतरवलं. आता पुढचं. हे सत्तेवर आले हे कळलं. पण हुकूमशहा आला म्हणजे जागतिक युद्ध होणारच असं थोडंच आहे? स्पेनचा फ्रँको तर दुसऱ्या महायुद्धात अधिकृतपणे उतरलाही नाही.

जुन्या_नाशकातली_बाई

बरोबर आहे तुझं. आतली दारं कशी उघडली ते वर लिहिलं. बाहेरची तशीच उघडली, दुसऱ्या माणसांनी.

चीनचा मांचुरिया प्रांत आधी. १८ सप्टेंबर १९३१ ला जपानी सैन्याने स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि प्रांत घशात घातला. जपानमध्ये मुसोलिनीसारखा एक पक्ष, एक नेता असं नव्हतं. तिथे लष्कर सरकारच्या हाताबाहेर गेलं होतं. राष्ट्रसंघाने लिटन आयोग पाठवला, अहवाल आला, जपान १९३३ मध्ये संघातून उठून गेला. झालं. पुढे १९३७ मध्ये चीनवर पूर्ण युद्ध, नानजिंगची कत्तल. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिथे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आपल्यासाठी महायुद्ध १९३९ च्या आधीच सुरू झालं होतं, असं मी मुलांना म्हणायचे ते त्यामुळे.

मग अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी संधी इथे वाया गेली. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने हल्ला केला. (त्यानंतर दहा दिवसांनी आपल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तारखा शेजारी ठेवल्या की काळ डोळ्यांसमोर उभा राहतो.) राष्ट्रसंघाने या वेळी इटलीला आक्रमक ठरवलं आणि नोव्हेंबरात आर्थिक निर्बंधही लावले. पण निर्बंधांच्या यादीत तेल नव्हतं! रणगाडे, लॉऱ्या, विमानं सगळी तेलावर. सुएझ कालवाही बंद केला नाही. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं कर भरून त्याच कालव्यातून जात राहिली. डिसेंबरात ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, होर आणि लाव्हाल यांनी, अॅबिसिनियाचा मोठा तुकडा इटलीला देऊन टाकायची गुप्त योजना केली. ती वर्तमानपत्रात फुटली आणि होरला जावं लागलं. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हेले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर उभा राहिला, तेव्हा इटालियन पत्रकार शिट्ट्या वाजवून त्याला बोलू देईनात. मग तो बोलला, मोहरीच्या वायूने जळालेल्या आपल्या माणसांबद्दल बोलला. जुलैत निर्बंध उठवले.

या गडबडीत, ७ मार्च १९३६ ला, हिटलरने राइनलँडमध्ये, म्हणजे तहाने सैन्य ठेवायला बंदी केलेल्या जर्मनीच्या सीमाभागात, सैन्य घातलं. फ्रेंच सैन्य समोर आलं असतं तर माघार घ्यायची त्याची तयारी होती. ते आलं नाही. लंडनमध्ये म्हणाले, आपल्याच परसात तर गेलाय तो. त्याच उन्हाळ्यात स्पेनमध्ये यादवी पेटली. फ्रँकोला जर्मन विमानं आणि इटालियन सैन्य मिळालं, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताक सरकारला लोकशाही देशांकडून ‘हस्तक्षेप नको’ एवढंच उत्तर.

सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक कराराबद्दल, चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकणाऱ्या, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ज्या चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे पाडायचे त्याचा प्रतिनिधी त्या खोलीत नव्हता. सहा महिन्यांत, १५ मार्च १९३९ ला, उरलेलाही गेला, स्कोडाच्या कारखान्यांसकट. पुढच्या वर्षी फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांत चेक बनावटीचेही होते. ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिनचा करार झाला, १ सप्टेंबरला पोलंड. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, आपल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता.

सिन्नरचा_नातू

बाई, शेवटच्या ओळीवरून लिहावंसं वाटलं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. देवळाली कॅम्पातून बोटीकडे रवाना झाले ते थेट इटलीत. त्यांना फॅसिझम वगैरे शब्द माहीत नव्हते. चिखल, थंडी आणि एकामागून एक येणाऱ्या नद्या, एवढंच सांगायचे. उपाशी इटालियन पोरं पलटणीच्या लंगरापाशी यायची आणि आमचे लोक त्यांना चपाती द्यायचे, हेही सांगायचे.

मराठ्यांच्या पलटणी त्याआधी १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला मुसोलिनीच्या सैन्याशी लढल्या. इटलीत यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये पडले, रायगडकडचे, व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधव तर आपल्या शेजारचे, संगमनेरजवळच्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर गोळीबारात दोन जखमींना पाण्यातून ओढून आणलं आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी उडवली. इटलीत पाच हजारांवर भारतीय सैनिक मेले. २०२३ मध्ये माँतोने गावात घाडग्यांच्या नावाने स्मारक झालं. रोममधल्या एका राजाने १९२२ मध्ये एक सही केली नाही, आणि सिन्नर-संगमनेरची पोरं तिथल्या नद्यांत मेली. बाईंचं लिखाण वाचून हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडता आला.

पंचवटीची_पोर

दादा, वाचून डोळे भरले. बाई, एक शेवटचं विचारते. दार उघडायला नकार दिला आणि त्यामुळे अडलं, असं कुठे झालं का? तेही उजव्या, सनातनी माणसांनी?

जुन्या_नाशकातली_बाई

झालं ना! दोन देश सांगते, परीक्षेला येत नाहीत.

फिनलंड. तिथे लापुआ चळवळ होती, इटलीच्या धर्तीची, डाव्यांना पळवून नेऊन मारणारी, सीमेपलीकडे सोडून येणारी. सुरुवातीला उजव्यांनी तिला हवा दिली, कम्युनिस्टांवर बंदीही घातली. १९३२ च्या फेब्रुवारीअखेरीस मँत्सँला गावात चळवळीचे लोक शस्त्रं घेऊन जमले आणि सरकार बदलायची मागणी करू लागले. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद स्वतः कडवा उजवा, चळवळीच्याच पाठिंब्याने निवडून आलेला. तो रेडिओवर बोलला. शस्त्रं ठेवा, घरी जा, साध्या माणसांना शिक्षा होणार नाही, पुढाऱ्यांना होईल. लोक घरी गेले. चळवळीवर बंदी आली, आणि गंमत बघ, ती बंदी कम्युनिस्टांविरुद्ध केलेल्या कायद्याखालीच आली. निवडणुका चालू राहिल्या.

दुसरा बेल्जियम. लिऑन देग्रेल, तिशीतला, देखणा, बोलायला पट्टीचा. १९३६ मध्ये त्याच्या रेक्स पक्षाला ११ टक्क्यांवर मतं आणि २१ जागा मिळाल्या. एप्रिल १९३७ मध्ये ब्रसेल्सला पोटनिवडणूक त्याने मुद्दाम घडवून आणली आणि स्वतः उभा राहिला. समोर खुद्द पंतप्रधान फान झेलांट. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्टसुद्धा, सगळे एका उमेदवारामागे उभे राहिले, दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. देग्रेलची भिस्त कॅथलिक मतांवर होती. मतदानाच्या तोंडावर कार्डिनल फान रूई यांनी जाहीर केलं की रेक्स हा देशाला आणि चर्चला धोका आहे, आणि कोरं मत टाकणंही बरोबर नाही. फान झेलांटला ७५ टक्क्यांवर मतं पडली, देग्रेलला १९ च्या आसपास. १९३९ मध्ये त्याचा पक्ष चार जागांवर आला. १९४० मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं तेव्हा तो पुन्हा वर आला, पुढे नाझींच्या एसएस दलाचा गणवेश घालून रशियात लढला आणि १९४५ मध्ये फ्रँकोच्या स्पेनमध्ये पळून गेला. १९९४ मध्ये तिथेच मेला, शेवटपर्यंत हिटलरचे गोडवे गात.

मँत्सँलाच्या त्या रेडिओ भाषणाबद्दल आणखी हवं असेल तर विचार. माझ्याकडे जुनी टिपणं आहेत, शोधून इथेच टाकते.